टेकूवरची बोट

आयवालिकच्या बोटींच्या यार्डात चौथ्या वर्षीचा मार्च उजाडला, तरी त्यांची बोट लाकडी टेकूंवर उभी ती उभीच. नेव्हिन रोज सकाळी शिडी उतरून खाली यायची, बोटीभोवती एक फेरी मारायची आणि सुकाणूच्या पात्यावरून हात फिरवायची. पातं कोरडं ठणठणीत. मग ती फाटकापर्यंत चालत जायची, परत यायची, पुन्हा जायची. रखवालदार तिला आब्ला, म्हणजे ताई म्हणायचा. आब्ला, ही वाट तुम्ही एकटीनंच झिजवलीत, असं त्याचं म्हणणं. नेव्हिन हसायची, पण थांबायची नाही. बसलं की तिला वाटायचं, कुणीतरी आतून ढकलतंय.

ती त्रेसष्ट वर्षांची होती. जन्म समोरच्या जुंदा बेटावरचा, कोळ्याच्या घरातला. पाय फुटायच्या आधी ती बापाच्या होडीत बसायला शिकली होती. लग्न झालं ते मात्र रिफ्कीशी, सिवासच्या मुलाशी, जिथून समुद्र बघायचा तर दिवसभर बसनं जावं लागतं. तो जमीन मोजणी खात्यात नकाशे करायचा, ती इझमिरला टपाल खात्यात. लग्नाआधी एकदा धक्क्यावर उभं राहून तो म्हणाला होता, मी तुला समुद्रावरून उचलून नेतोय खरा, पण निवृत्त झालो की शिडाची बोट घेऊ आणि तिच्यातच राहू. असली वचनं लग्नाआधी सगळेच देतात. रिफ्कीनं मात्र ते पाळलं. निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात नऊ मीटरची, तीस वर्षं वापरलेली बोट त्यानं घेतली. बोटीचं नाव नेरगिस. पहिल्या मालकाच्या बायकोचं. बोटीचं नाव बदलणं चांगलं नाही म्हणतात, म्हणून ते राहिलं. नेव्हिन म्हणाली, आयुष्यभर स्वतःचं घर सांभाळलं आणि म्हातारपणी दुसऱ्या बाईच्या घरात राहायचं आलं.

पहिल्या वर्षी इंजिन उघडलं. दुसऱ्या वर्षी डोलकाठीच्या तारा बदलल्या. तिसऱ्या वर्षी वरची फळी कुजली असेल अशी रिफ्कीला शंका आली, म्हणून ती सगळी उखडली. कुजली नव्हती, पण उखडली होती, त्यामुळे नवी बसवावी लागली. रिफ्की कामाला वाघ होता. मोजणी खात्यातली शिस्त त्याच्या हाडात मुरलेली. त्याच्या वहीत प्रत्येक खिळ्याचं टिपण, प्रत्येक तारेचं माप, आणि नकाशे इतके की सगळा एजियन किनारा त्याला डोळे मिटून काढता आला असता. एवढं सगळं असूनही दर वर्षी जून आला की काहीतरी राहिलेलंच असायचं. मग तो म्हणायचा, आता उन्हाळा गेला, पुढच्या वर्षी नक्की.

गेल्या शरद ऋतूत त्यांनी इझमिरमधलं कार्शियाकाचं घर विकलं. नेव्हिननंच हट्ट धरला. परतीची वाट राहिली नाही की माणूस पुढं जातो, असा तिचा हिशेब. गालिचे गेले, आरसा गेला, काचेचं कपाट मुलीनं नेलं. राहिली दोन तांब्याची भांडी, आईच्या हातच्या विणीची चादर आणि पुस्तकांचं एक खोकं, तेही रिफ्कीनं तीनदा वजन करून अर्धं केलं. मुलगी इपेक एस्किशेहिरहून फोन करायची. तिचं म्हणणं सरळ होतं, तुम्हा दोघांना म्हातारचळ लागलाय. त्यातही पाण्यावर राहिला असतात तर म्हटलं असतं हौस आहे, तुम्ही तर शिडीवर राहताय.

आणि ते खोटं नव्हतं. सगळा हिवाळा ते जमिनीपासून साडेतीन मीटर उंचावर राहिले. भांडी बादलीत घालून खाली न्यायची, यार्डाच्या नळावर घासायची, दोरीनं वर ओढायची. लोदोस, दक्षिणेचा वारा, सुटला की टेकू करकरायचे आणि नेव्हिन जागी व्हायची. रिफ्की गाढ झोपलेला असायचा.

यार्डात सगळ्यांत जुने होते हालुक बे, म्हणजे हालुकसाहेब. निवृत्त दातांचे डॉक्टर. बारा वर्षं त्यांची तयारी चालली होती. त्यांच्या बोटीच्या कठड्याला जिरेनियमच्या कुंड्या, शिडीला दिव्यांची माळ, खाली टेबल आणि दुपारी सोंगट्यांचा डाव. त्यांना कुणी विचारलं, कधी निघताय, तर ते म्हणायचे, घाई कसली, समुद्र काही आटत नाही. सगळे हसायचे. रिफ्कीही हसायचा, जरा जास्तच. नेव्हिनला मात्र त्या कुंड्या बघून घाम फुटायचा. एक दिवस रिफ्कीनं बाजारातून तुळशीची कुंडी आणली आणि शिडीच्या पायाशी ठेवली, तेव्हा तिनं ती मुकाट्यानं उचलून रखवालदाराच्या बायकोला देऊन टाकली.

एप्रिलमध्ये ती आतून अगदी तापली होती. यार्डात कुणाला शिडाच्या शर्यतीसाठी मदतीचा हात हवा असला की ती जायची. नाविकाचा दाखला तिनं तीन वर्षांपूर्वीच काढला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या बोटीवर दोर ओढून यायची, तळहात सोललेले, केस खारट, आणि आल्यावर शिडी चढताना तिला रडू यायचं. रिफ्की तिच्यासाठी सूप तयार ठेवायचा. तिच्या हातांना तेल लावून द्यायचा. त्याला कसं बोलायचं?

मेच्या पहिल्या आठवड्यात त्यानं सांगितलं, बोटीच्या तळातला व्हॉल्व्ह बिघडलाय. तो फुटला तर पाणी थेट आत येणार. नवा इस्तंबूलहून मागवावा लागेल, आठ-दहा आठवडे तरी जातील.

नेव्हिननं मनात मोजलं. म्हणजे अर्धा जुलै गेला. म्हणजे पुढचं वर्ष.

दुपारी रिफ्की सोंगट्या खेळायला बसल्यावर ती झेकेरिया उस्ताकडे, यार्डातल्या मिस्त्रीकडे, गेली. यार्डातली मोठी क्रेन तोच चालवायचा आणि निम्म्या बोटींची दुरुस्तीही त्याच्याच हातची. तो एका बोटीखाली उताणा पडून रंग खरवडत होता. नेव्हिन खाली वाकली आणि म्हणाली, तो व्हॉल्व्ह जुजबी दुरुस्त होणार नाही का, एवढा एक उन्हाळा निघेल असा?

"कुठला व्हॉल्व्ह?"

"आमच्या तळातला."

झेकेरिया खरवडायचा थांबला.

"आब्ला, तो मी दोन वर्षांपूर्वीच बदललाय. माझ्या आयुष्याला पुरून उरेल."

"मग रिफ्की म्हणतो तो?"

"मला मध्ये घालू नका."

"मी मध्ये घालत नाही. मी विचारतेय."

झेकेरिया बाहेर आला, उठून बसला आणि हातावरची धूळ झटकू लागला. "बे चांगला माणूस आहे," तो म्हणाला. "पण दर वसंतात येतो आणि म्हणतो, उस्ता, नीट बघ, काहीतरी असेलच. मी म्हणतो, काही नाही. तो म्हणतो, शोध. आता शोधलं की जुन्या बोटीत काय सापडत नाही? पण या वर्षी खरंच काही सापडलं नाही, आब्ला. तुमची बोट एकदम ठाकठीक आहे. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं. नेव्हिन उठली आणि फाटकापर्यंत गेली आणि फाटकाबाहेरही गेली, ऑलिव्हच्या बागांमधून वर टेकडीपर्यंत. घोडं कुठं पेंड खातंय ते आता तिला कळलं होतं, पण का, ते कळत नव्हतं. तिला वाटलं, यानं बोट घेतली ती मला गप्प करायला. लहान मुलाच्या हातात खुळखुळा देतात तशी. सदतीस वर्षांच्या संसारात तिला रिफ्कीचा राग पुष्कळदा आला होता, पण त्याच्यावरचा विश्वास उडाला असं कधी झालं नव्हतं. त्याला जाब विचारायचा असं ठरवून ती परत आली, आणि त्यानं समोर चहा ठेवला, तेव्हा तिनं विचारलं भलतंच.

"गुरुवारी तू दात दाखवायला इझमिरला जाणार आहेस ना?"

तो म्हणाला, हो, सकाळच्या बसनं जाईन आणि संध्याकाळी येईन.

गुरुवारी तो फाटकातून बाहेर पडला आणि दहा मिनिटांनी क्रेन नेरगिसच्या डोक्यावर येऊन उभी राहिली. झेकेरियानं तीनदा विचारलं, बेला ठाऊक आहे ना? नेव्हिन म्हणाली, बोट दोघांच्या नावावर आहे आणि त्यातली एक मी. दोन रुंद पट्टे पोटाखालून गेले. पट्टे ताणले, टेकू एकेक करून निघाले, आणि चार वर्षं जमिनीला खिळलेली बोट हवेत जराशी डुलली. हालुक बे कुंड्यांच्या मागून बघत होते. त्यांनी टोपी काढली होती, जनाजा जाताना काढतात तशी.

बोट पाण्यात टेकली तशी नेव्हिन विजेरी घेऊन आत शिरली आणि गुडघ्यांवर बसून तिनं तळातल्या एकेका व्हॉल्व्हवरून बोटं फिरवली. सगळं कोरडं. ती तिथंच बसून राहिली. खालून पाणी फळ्यांवर थापट्या मारत होतं. हा आवाज तिनं लहानपणी ऐकला होता. आनंद व्हायला हवा होता. पण आता संध्याकाळ व्हायची होती आणि रिफ्की यायचा होता.

रिफ्की सहाच्या सुमारास आला. एक गाल सुजलेला, हातात पिशवी, पिशवीत तिच्यासाठी बोयोज, इझमिरचे खुसखुशीत पाव. नेव्हिन डेकवर उभी होती. तिला तो दुरून दिसला. आधी तो बोटीच्या जुन्या जागी गेला. तिथं आता चार टेकू, तेलाचा एक डाग आणि शिडी आडवी पडलेली. मग त्यानं वळून धक्क्याकडे पाहिलं. तो पळत येईल, ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तो अगदी सावकाश आला आणि धक्क्याच्या कडेपासून चार पावलं अलीकडे थांबला.

"व्हॉल्व्ह," तो म्हणाला.

"व्हॉल्व्हला काही झालेलं नाही. झेकेरियानं सांगितलं मला."

त्यानं मान हलवली. पिशवी खाली ठेवली.

"ये आत," ती म्हणाली. "आत येऊन भांड माझ्याशी."

बोट आणि धक्का यांच्यात हातभर अंतर होतं. खाली हिरवं पाणी. रिफ्कीनं त्या पाण्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तो मागे सरकला, दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसला आणि त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले.

"मला नाही येता येणार," तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. लग्नाच्या दोन वर्षं आधी पूर्वेकडे एका नव्या धरणाच्या जलाशयाची हद्द मोजायला तो गेला होता. बरोबर मोजणीची साखळी धरणारा जेलाल नावाचा माणूस. ते पाण्यात असताना वारा आला आणि त्यांची बोट उलटली. रिफ्की मोजणीच्या लाकडी तिवईला धरून तासभर पाण्यात राहिला. जेलाल दहा हातांवर होता, मग पाच हातांवर, मग नव्हता. जेलालच्या आईला त्यानंच जाऊन सांगितलं. त्यानंतर त्यानं कुणालाच काही सांगितलं नाही.

नेव्हिनला इझमिरची फेरीबोट आठवली. सगळं शहर तिच्यातून जातं-येतं, वरच्या डेकवर उभं राहून पक्ष्यांना पाव टाकतं. रिफ्की नेहमी आत, मधल्या बाकावर, पेपर चेहऱ्यासमोर धरून बसायचा. तिला वाटायचं, याला बातम्यांचं भारी वेड.

"मग बोट घेतलीस कशाला?"

"तुला शब्द दिला होता."

"शब्द गेला खड्ड्यात. मला सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू दे. आणि राहू दिलं असतंस. मला वाटलं, काम करता करता भीती जाईल. दर वर्षी वाटलं, या वर्षी जाईल." तो थोडा थांबला. "टेकूवर होती तोवर मला फार आवडायची ती."

नेव्हिन धक्क्यावर उतरली आणि त्याच्या शेजारी बसली. तिला त्याचा राग होता, त्याच्याहून जास्त स्वतःचा. इतक्या वर्षांत तिनं त्याला एकदाही विचारलं नव्हतं, तुला हवंय का रे हे? दोघांनी गार झालेले बोयोज खाल्ले, रिफ्कीनं सुजल्या गालाला जपत. अंधार पडायच्या आत रिफ्की हालुक बेंच्या बोटीवर झोपायला गेला, शिडी चढून, जमिनीवरच्या बोटीत. हालुक बे म्हणाले, या, इथं अजून कुणी बुडालेलं नाही.

पुढचे तीन आठवडे विचित्र गेले. नेव्हिन पाण्यावर, रिफ्की टेकूवर. सकाळी तो धक्क्यावर न्याहारी घेऊन यायचा आणि चार पावलं अलीकडे बसायचा. नेव्हिन म्हणाली, विकू या. तो म्हणाला, खबरदार. तिला झोप लागत नव्हती, जेवण जात नव्हतं. जमिनीवर असताना समुद्र ओढायचा, आणि आता समुद्रावर होती तर जीव त्या शिडीकडे लागलेला. दोर उगाच उलगडायची, पुन्हा गुंडाळायची. इपेकनं फोनवर विचारलं, तुम्ही वेगळे झालात का?

तोडगा शेवटी रिफ्कीनंच काढला. एका सकाळी तो नकाशा घेऊन आला. आयवालिक ते दिकिली, दिकिली ते चांदार्ली, चांदार्ली ते फोचा. समुद्रातली वाट निळ्या पेन्सिलीनं, तासांसकट. आणि तिच्या शेजारून किनाऱ्याकिनाऱ्यानं एक लाल वाट.

"ही लाल कसली?" नेव्हिननं विचारलं.

"मिनीबसची. तू पहाटे निघालीस की मी नऊची गाडी धरीन. तुझ्या आधी पोचेन. धक्क्यावर कुणीतरी दोर झेलायला हवा ना."

नेव्हिननं नकाशा दुमडला, पुन्हा उलगडला. "लोक हसतील," ती म्हणाली.

"हसू देत. मी मोजणी खात्यातला माणूस आहे. लोक शेताच्या बांधावर कुदळ घेऊन यायचे माझ्या अंगावर."

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी ती निघाली. कुणी प्रवासाला निघालं की ओततात तसं हालुक बेंनी घागरभर पाणी धक्क्यावरून तिच्या मागे ओतलं, पाण्यासारखी जा, पाण्यासारखी ये म्हणत. समुद्रात पाणी ओतणारा माणूस पाहून झेकेरिया एवढा हसला की दोर सोडायचा विसरला. पोयराज, उत्तरेचा वारा, मागून होता. बंदराबाहेर पडल्यावर नेव्हिननं शीड उभारलं, इंजिन बंद केलं आणि एकदम इतकं शांत झालं की तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. उजव्या हाताला मिदिल्ली बेटाचे डोंगर, डाव्या हाताला किनारा. पहिला तासभर ती सुकाणूला घट्ट धरून होती. मग जरा सैलावली. पण तिची नजर पुन्हा पुन्हा डावीकडेच जायची. किनाऱ्याच्या रस्त्यावर कुठं एखादी पांढरी गाडी चमकली की तिला वाटायचं, तीच असेल. एकदा तर तिनं हातही हलवला. नंतर कळलं, रिफ्की त्या वेळी बेर्गामाच्या फाट्यावर टायर बदलायची वाट बघत उभा होता.

दिकिलीच्या धक्क्यावर तो होता. पाव, चेरी आणि चीज घेऊन. तिनं दोर फेकला, त्यानं झेलला आणि खुंटाला अशी गाठ मारली की शेजारचा कोळी म्हणाला, काका, बैल बांधताय का? पण गाठ पक्की होती. हालुक बेंच्या बोटीवर तीन आठवडे तो तीच शिकत होता. ते जेवले, ती डेकवर आणि तो खुंटावर, ताट इकडून तिकडं देत. रात्री तो जवळच्या लॉजवर गेला.

चांदार्लीला त्यानं चार पावलांची दोन केली. फोचाला पोचेपर्यंत जून संपत आला होता. तिथं एका संध्याकाळी, नेव्हिन आत कांदा चिरत असताना, बोट एका बाजूला किंचित कलली. तिनं वर पाहिलं. रिफ्की पायऱ्यांवर उभा होता, बूट हातात, दुसऱ्या हातानं दाराची चौकट पकडलेली. ती कांदा चिरत राहिली. तो पाच मिनिटं उभा राहिला आणि गेला. दुसऱ्या दिवशी जेवायला बसला. आठवड्यानं झोपायला राहिला, दोर चारऐवजी सहा बांधून.

असा उन्हाळा गेला. बोट बांधलेली असली की तो आत, सुटली की तो बसस्टॉपवर. किनाऱ्यावरच्या बंदरांत त्यांची गोष्ट पसरली. काही जण चेष्टा करायचे, काही बायका नेव्हिनला बाजूला घेऊन विचारायच्या, आब्ला, हे कसं जमवलंत, आमच्याही म्हाताऱ्याला बसनं पाठवायचंय. नेव्हिनचं फाटकापर्यंत येणं-जाणं थांबलं होतं, पण ती निवांत झाली असं म्हणता यायचं नाही. निघायच्या दिवशी तिला तो बरोबर हवा असायचा, आणि तसं म्हणणं ती गिळून टाकायची.

सप्टेंबरच्या अखेरीस ते पुन्हा फोचात होते. एका सकाळी वारा पडला होता, पाणी तेलासारखं सपाट. रिफ्की चहा ढवळत समोरच्या बेटाकडे बराच वेळ बघत होता. मग त्यानं विचारलं, तिथं पोचायला किती वेळ लागतो?

"वीस मिनिटं."

"बसनं जाता येत नाही."

"बेट आहे ते, रिफ्की."

त्यानं चहा संपवला, पेला विसळला, कपाटात अडकवला. मग स्वतःच जाऊन दोर सोडले, सहाच्या सहा, आणि आत येऊन तो पायऱ्यांखाली फळ्यांवर बसला, पाठ लाकडाला टेकवून. नेव्हिननं इंजिन सुरू केलं. अर्ध्या वाटेत त्याला ओकायला बादली लागली. पाऊण वाटेत पुन्हा लागली. "आहेस का?" ती वरून विचारायची आणि खालून उत्तर यायचं, "आहे."

बेटावर पोचल्यावर तो पांढराफटक होऊन वर आला, नेव्हिनचा खांदा धरून लाकडी जेट्टीवर उतरला आणि त्यानं वळून मागं पाहिलं. मधे सगळा समुद्र होता. परत जायचं तर वाट तीच, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. नेव्हिन काही म्हणणार, तेवढ्यात त्यानं हात वर केला.

"आधी चहा," तो म्हणाला. "मग बघू."